बंगल्याच्या वाटेवरची घोळ

आधी माफी मागतो. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी लेखणी धरलेली नाही. वडील सहीच्या जागी अजून नांगराची खूण काढतात. अशा घरातल्या, अजून परीक्षाही पुरी न दिलेल्या मुलाने आपल्या दुखण्याची हकीकत छापायला पाठवावी, हा मला स्वतःलाच आगाऊपणा वाटतो. माझ्यापेक्षा वाईट दुखणी सोसून माणसे गप्प बसली आहेत. मला वैद्यकी कळत नाही. शिवाय या लिहिण्यात राग पुष्कळ आहे. तो निवळावा म्हणून मी बरेच महिने थांबलो. तो निवळला नाही, तेव्हा आहे तसाच लिहितो.

लिहायचे कारण एवढेच, की दवाखान्यात पडलो होतो तेव्हा कोणीतरी मला दोन गोष्टी सांगायला हव्या होत्या. तळपायांची जी आग होते ती हळूहळू कमी होते, ही पहिली. दुसरी अशी, की डॉक्टर रोगाचे नाव सांगतो तेव्हा ते नाव रोग्याच्या आधी घरी पोचते, आणि तिथे जाऊन काय करील याचा नेम नसतो. ही हकीकत वाचणाऱ्याच्या घरात असे कोणी पडले असेल, तर दुसऱ्या गोष्टीची काळजी आधी घ्यावी.

* * *

आम्ही ठाण्याजवळच्या कोपरीचे आगरी. पावसाळ्यात भात, उन्हाळ्यात मिठागर. घरात वडील, त्यांची बहीण म्हणजे माझी आत्या, थोरला भाऊ धर्मा, म्हणजे माझा दादूस, आणि त्याची बायको पार्वती. आई मी लहान असतानाच गेली. मी मुंबईला कॉलेजात शिकतो, तिथे ओळखीच्या एका घरी राहतो आणि सणावाराला कोपरीला येतो.

वहिनीच्या जिभेला हाड नाही हे साऱ्या कोपरीला ठाऊक होते. मी घरी आलो की ती मला साहेब म्हणायची.

"साहेब उठले का? तुझा दादूस कवापासून चिखलात उभा हाय. तुझं पुस्तक घालू का उन्हात वालत?"

"वयनी, पुस्तक ओलं झालेलं नाही."

"मग तूच हो जरा ओला. जा बांधावर."

आणि मी जायला निघालो की ओरडायची, "राहू दे, राहू दे! चिखलात पाय मोडून घेशील, मग परत आमीच उचलायचा." हे सगळे अंगणात चालायचे, शेजारच्या बायका ऐकून हसायच्या. पुढे त्यांनीच हे फौजदाराला सांगितले, पण सांगताना हसणे गाळले.

आता बेणणीचे सांगितले पाहिजे, कारण सगळे त्यावरच आहे. शेतातले तण उपटून काढणे म्हणजे बेणणी. ते काम बायकांचे. आमच्यात रीत अशी, की ज्या बाईने तण उपटले, ते तिचे. शेत कोणाचेही असो. मजुरी मिळते ती वाकण्याची. पाला ओटीत घालून ती घरी नेते. माठ, कुर्डू, टाकळा, घोळ, सगळे तणच आहे आणि सगळी भाजीच आहे. पावसाळ्यात आमच्या चुलींवर दुसरे फारसे काही शिजत नाही. ही रीत कोणी ठरवली मला माहीत नाही. तिच्याबद्दल कधी कोणी विचारलेलेही ऐकले नाही.

खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका गोऱ्या साहेबाचा बंगला आहे. नाव लिहीत नाही. त्याला टेनिस खेळायला हिरवळीचा चौक आहे, आणि फाटकापासून ओसरीपर्यंत तांबड्या मुरमाची वाट. हिरवळीत हिरवळीशिवाय काही उगवू नये आणि वाटेवर काहीच उगवू नये, अशी साहेबाची इच्छा. ती पुरी करायला कोपरीच्या बायका दर पावसाळ्यात जात. वहिनीही जायची. मुरमात घोळ फार उत्तम येते, पानाला मांसल, देठाला लाल. बायका त्या वाटेवरून भांडायच्या.

* * *

सणाची सुटी संपून मी मुंबईला परत जायला निघालो, त्या दिवशीची गोष्ट. दुपारची गाडी होती म्हणून वहिनीने मला एकट्याला लवकर वाढले. वडील आणि दादूस शेतावर होते. आत्याचा उपास होता. वहिनी आदल्या दिवशी बंगल्यावर बेणायला गेली होती, आणि तिथल्या वाटेवरची घोळ, जी त्या दिवशी भांडून तिने एकटीनेच मिळवली होती, तिने हरभऱ्याच्या डाळीत शिजवली होती, वरून लसणीची फोडणी.

"आनखी घे. मुंबईत तुला कोन देनार? तिथं निसता बटाटा."

"बाबांना, दादूसला ठेव की."

"त्यांना सुकट भाजते. ते इथंच हायेत, त्यांना उद्या आनीन."

चवीत काही वेगळे नव्हते. उलट भाजी फार छान झाली आहे असे मी म्हणालो. हे वाक्य मी फौजदारालाही सांगितले, पण त्याने ते लिहून घेतले नाही. माझ्यामागून वहिनीने नेहमीसारखे भांडे भाकरीने पुसून खाल्ले.

मी स्टेशनापर्यंत पोचलोच नाही. रेल्वेच्या कुंपणापाशी पोटात कळ आली म्हणून बसलो, तो उठता आले नाही. उलट्या, जुलाब, घशाला कोरड, पायांत गोळे. कोणीतरी घरी धावत गेले आणि आत्याने अंगणातूनच हंबरडा फोडला, "पटकी! माझे पोराला पटकी जाली!"

पटकी म्हटल्यावर काय होते ते ज्याने पाहिले आहे त्याला सांगायला नको. शेजारची दारे लागली. ज्यांच्या मांडीवर मी वाढलो ती माणसे तोंडाला पदर नि धोतराचा सोगा लावून लांबून बघत होती. दादूस शेतावरून तसाच चिखलाच्या पायांनी आला. त्याने मला घोंगडीत घालून एका बाजूने स्वतः धरले. दुसरी बाजू धरायला कोणी येईना, तेव्हा वहिनी आली. ती मध्येच दोनदा घोंगडी खाली ठेवून रस्त्याच्या कडेला ओकली. आत्या मागून येत होती.

"तुला गं काय जालं? त्याचं बघून नाटक करतेस?"

वहिनीने तोंड पुसले आणि घोंगडी पुन्हा उचलली. हे मी शुद्धीवर असताना पाहिले आहे. पुढे ते कोणालाच आठवत नव्हते.

* * *

दवाखान्याच्या मागे पटकीच्या रोग्यांसाठी झावळ्यांची एक झोपडी होती. तिथे मला टाकले. तिथले मला थोडेच आठवते: चुन्याचा वास, शेजारी आणलेले आणि मग नसलेले एक म्हातारे गृहस्थ, आणि पाणी, पाणी, पाणी. मी मेलो नाही. याचे डॉक्टरांना नवल वाटले आणि थोडी अडचणही झाली असावी, कारण त्या झोपडीतून बाहेर पडणाऱ्यांसाठी खाटा राखून ठेवलेल्या नसतात.

मोठ्या खोलीत आणल्यावर मला वाटले, आता सुटलो. तेव्हा पाय सुरू झाले. आधी बोटांना मुंग्या, मग तळव्यांना निखाऱ्यावर ठेवल्यासारखी आग. अंगावरची चादर पायाला लागली तरी मी ओरडत असे. उभा राहिलो की जमीन कुठे आहे ते पायाला कळेना. केस विंचरताना हातात येऊ लागले. तळहातांची कातडी जाड होऊन सोलली. नखांवर आडव्या पांढऱ्या रेघा उमटल्या.

त्या रेघा बघून डॉक्टर खाटेवर बसले. एरवी ते कधी बसत नसत. त्यांनी माझा हात उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला.

"ही पटकी नव्हे," ते म्हणाले.

मला आनंदच झाला. "मग काय, डॉक्टरसाहेब?"

"सोमल. तुझ्या पोटात सोमलाचं विष गेलं आहे." आणि लगेच, त्याच श्वासात, "घरी रांधतं कोण?"

दादूस माझ्या पायाशी उभा होता. मी विचारल्याचे उत्तर दिले, "वहिनी."

डॉक्टरांनी दादूसकडे पाहिले आणि ते उठले. एवढेच. पण त्या प्रश्नात सगळे होते. घरात सोमल सापडला की बाईचा हात शोधायचा, हे त्यांनी पुष्कळ वेळा केले असेल आणि पुष्कळ वेळा ते बरोबरही आले असेल. मला त्यांचा राग यायला नको, असे लोक सांगतात. मला तो आहे. वहिनीला काही होते का, हे त्यांनी विचारले असते तर तेवढ्यावर सगळे थांबले असते. तिचे पाय त्याच वेळी कोपरीला तशाच आगीत होते.

* * *

त्याच संध्याकाळी कोपरीला कळले. आत्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या उशाशी येऊन बसली, आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवत, गळलेले केस झटकत म्हणाली, "मना म्हाईत होतं. शिकलेला दीर तिचे डोल्यात खुपत होता. साहेब साहेब करून बोलायची. मना म्हाईतच होतं."

"आते, ती सगळ्यांनाच तशी बोलते."

"सगल्यांना इख नाय घातलन."

"तिनं स्वतः खाल्लं ते."

"तू बघलास?"

मी तिला खाताना पाहिले नव्हते. मी तेव्हा पिशवी बांधत होतो.

फौजदाराने घरातली भांडी, मिठाचे मडके, उंदीर मारायला काही आणले होते का, सगळे तपासले. काही मिळाले नाही. वहिनीला कचेरीत बोलावून नेले आणि काही दिवस तिथेच ठेवून घेतले. तिला काय काय विचारले ते तिने आजपर्यंत कोणाला सांगितलेले नाही. पुरावा नाही म्हणून सोडले तेव्हा ती घरी आली, तर वडील दारात आडवे उभे राहिले. ते चांगले मनुष्य आहेत. मला शिकवायचे म्हणून त्यांनी गावाचे टोमणे खाल्ले आहेत. पण त्या दिवशी ते आडवे उभे राहिले, आणि दादूस ओसरीवर खाली मान घालून बसून राहिला. वहिनी तशीच फिरली आणि माजिवड्याला माहेरी चालत गेली. ज्या पायांवर मला खाटेखाली उतरता येत नव्हते, तशा पायांवर.

* * *

दवाखान्यातले दिवस सगळे एकसारखे. पहाटे झाडूवाल्याची खरखर, मग औषधाच्या पाण्याचा तो नाकात बसणारा वास, मग पातळ पेज. डॉक्टरांची फेरी. दुपारी माशा. पाय पुसायला ओले फडके मिळाले की तो दिवस चांगला.

माझ्या शेजारच्या खाटेवर कल्याणचे एक गाडीवान होते, गंगाराम नावाचे. बैलगाडीचे चाक पायावरून गेले होते, म्हणून पाय फळ्यांत बांधला होता. त्यांना गप्प बसणे जमत नसे.

"काय हो कॉलेजवाले, पाय कुठं आहेत आज?"

"चुलीत."

"माझा फळ्यांत आहे. तुमचा चुलीत, माझा फळ्यांत. दोघांचा मिळून एक माणूस चालता झाला असता." मग थोड्या वेळाने, आवाज उतरवून, "ती वहिनी तुमची. घातलं असेल का हो तिनं?"

"नाही."

"कशावरून?"

ती वाटेत ओकली होती, पण आत्या त्याला नाटक म्हणून मोकळी झाली होती. मी तर्कशास्त्र शिकत होतो आणि मला एवढे सिद्ध करता येईना. शेवटी म्हणालो, "तिला मारायचं असतं तर तिनं आधी अंगणात ओरडून सांगितलं असतं."

गंगाराम इतके हसले की त्यांच्या पायाला कळ लागली. "हे फौजदाराला सांगा! चालेल हे!" ते हसले त्याने मला फार बरे वाटले. त्या दिवसापर्यंत वहिनीविषयी माझ्याशी हसून बोललेला तो एकच माणूस.

भीतीचे खरे सांगायचे तर मरणाची भीती झोपडीतच संपली. नंतरची भीती अशी, की पाय गेले तर मी शेताच्याही कामाचा नाही आणि कॉलेजच्याही नाही. आणि वहिनी निर्दोष आहे असे म्हणणारा मीच एकटा, तोही खाटेवर. कधी कधी, आग फार झाली की, मनात यायचे, खरेच घातले असेल तर? हे लिहायला लाज वाटते, पण दुखणे माणसाला असे करते हे जे पडून आहेत त्यांना माहीत असावे.

* * *

दादूस दर दोन-तीन दिवसांनी यायचा, बसायचा, माझे पाय खोबरेल तेलाने चोळायचा आणि जायचा. वहिनीचे नाव काढायचा नाही. एकदा मीच बळेच विचारले, गावात काय चालले आहे.

"काय चालायचं? बायांना बंगल्यावर काम नाय यंदा. बोलावनंच आलं नाय परत."

"का? पावसानं तण तर माजलं असेल."

"नाय. वाट उघडी बोडकी. गवत आपलं आपुन मरतं म्हने. विलायतेशी पानी आलंय कसलं, डब्यात. झारीनं शिंपलं की जलालं."

तो तेल चोळत राहिला. मी पाय काढून घेतला.

"दादूस, ते पाणी पहिल्यांदा कधी शिंपलं?"

"मना काय ठाव. तू आजारी पडलास त्याच सुमाराला. बाया शेवटच्या गेलेल्या तवा बंगल्याचा मुकादम झारी घेऊन फिरत होता, असं म्हनतात."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर फेरीला आले तेव्हा मी विचारले, "डॉक्टरसाहेब, तण मारायच्या औषधात काय असतं?"

ते लिहीत होते. "विलायती ना? सोमलच असतो. बागांच्या वाटांवर शिंपतात. का?"

"मग मी ते खाल्लं आहे."

"गवतावरचं औषध माणूस कसं खाईल?"

"आम्ही तण खातो, डॉक्टरसाहेब."

त्यांची लेखणी थांबली. ते गृहस्थ ठाण्यात कित्येक वर्षे आहेत. त्यांच्या खिडकीतून कोपरीची शेते दिसतात. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी माती खातो म्हणालो.

तरी त्यांनी फौजदाराला कळवले, हे मी मान्य केले पाहिजे.

* * *

फौजदार आला तो वैतागूनच. खाटेच्या कठड्यावर पाय ठेवून उभा राहिला.

"म्हणजे तुझं म्हणणं, तुझ्या वहिनीनं बंगल्यातून पाला आणला. कोणाला विचारून?"

"विचारत नाहीत. जी उपटते तिचा असतो तो."

"कोणत्या कायद्यात?"

"कायद्यात नाही. रीत आहे."

"शिकलेला आहेस ना? मग नीट ऐक. साहेबाच्या कुंपणाच्या आतली काडीसुद्धा साहेबाची. तू सांगतोस तसं मी लिहिलं, तर तुझी वहिनी विष घालणारी ठरणार नाही, चोर ठरेल. कुठलं लिहू?"

गंगाराम शेजारून म्हणाले, "गवत चोरलं म्हणून धरणार का हो? मग माझ्या बैलांनापण न्या."

"तुला कोणी विचारलं?" फौजदार त्यांच्यावर खेकसला. मी म्हणालो, "आधी एकदा बंगल्यावर चला. मला न्या. मग काय लिहायचं ते लिहा."

मला बैलगाडीत घालून नेले. दादूसने पाठीवर घेऊन फाटकातून आत उतरवले. वाट खरोखरच उघडी बोडकी होती. तांबड्या मुरमावर जळक्या काड्या, आणि कडेला, जिथे झारीचे पाणी जेमतेम पोचले असेल तिथे, थोडी घोळ. मुकादम आला. डोक्याला स्वच्छ फेटा, हातात झारी.

"तण?" तो म्हणाला. "तण कोणी खातं का फौजदारसाहेब? आम्ही बायकांना सगळं खड्ड्यात टाकायला सांगतो. त्यांनी लपवून नेलं असेल तर आम्ही काय करणार? बैल आहेत का ते, गवत खायला?"

मी बसलेलोच होतो, उभे राहता येत नव्हते. वाटेच्या कडेची घोळ मी मुठीत उपटली आणि त्याच्यापुढे धरली.

"ही घ्या. आमची भाजी आहे, चांगली लागते. एक पान खा."

त्याने झारी खाली ठेवली आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"खा की," फौजदार म्हणाला. आता त्याला मजा वाटू लागली होती. "पाला तर आहे."

"आधी ते हातातलं टाक, पोरा," मुकादम मला म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "टाक, आणि हात धू. परवाच शिंपलंय."

"बायका आल्या होत्या तेव्हाही शिंपलं होतं ना?"

"त्या हिरवळीवर बसल्या होत्या. मी वाटेवर शिंपीत होतो."

"त्यांना सांगितलं होतं?"

"बायकांना कशाला सांगायचं?" त्याला खरोखरच कळले नव्हते. "साहेबांचा हुकूम होता त्याप्रमाणे सगळं केलं. कोंबड्या कोंडल्या. कुत्र्याला साखळी घातली. गाय तीन दिवस बाहेर काढली नाही."

दादूस माझ्या मागे उभा होता. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. फौजदाराने डबा आणायला लावला आणि माझ्यापुढे धरला, "वाच." वर मोठ्या तांबड्या अक्षरांत इंग्रजीत विष असे लिहिले होते. खाली बारीक अक्षरांत, जनावरे आणि कोंबड्या काही दिवस दूर ठेवाव्यात. तण घरी नेणाऱ्या माणसांबद्दल काही नव्हते. त्या कारखान्याला आमची कल्पना नसावी. पण मुकादमाच्या डोळ्यांदेखत इतकी वर्षे बायका ओटी भरून त्याच फाटकातून बाहेर पडत होत्या.

मला पुष्कळांनी सांगितले की हा अपघात आहे. असेल. वाटेवर घोळ उगवू नये एवढ्यासाठी सोमल शिंपावा, आणि शिंपण्याआधी कोंबडीचा विचार करावा, या गोष्टीला अपघात म्हणायला माझी जीभ वळत नाही.

साहेब ओसरीवरून खाली उतरला नाही. त्याचा बटलर निरोप घेऊन आला, "साहेबांना वाईट वाटतं. आणि आजपासून कोपरीची बाई आत येणार नाही."

* * *

फौजदाराने शेवटी लिहिले की रोग्याने अजाणता विषारी पाला खाल्ला. चोरीचे लिहिले नाही. वहिनीवरचा आरोप गेला.

मला वाटले, आता झाले. मला दवाखान्यातून सोडले तेव्हा दोन काठ्यांवर मी कोपरीला आलो, तर विहिरीवरच्या बायका मला ऐकू जाईल असे बोलत होत्या, "याच्या शिक्षनानं आमची बेननी गेली." घरी मी वडिलांना म्हणालो, "बाबा, आता वयनीला आणायला जा."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? फौजदारानंच लिहून दिलंय, तिचा काही दोष नाही."

"फौजदाराला काय तिचे हातचं जेवायचं हाय रोज?" वडील म्हणाले.

आत्या चुलीपाशी होती. ती म्हणाली, "मनातून जात नाय रे, पोरा. एकदा आलं की जात नाय." आणि तिने मला वाढले. ती दुष्ट नाही. तिला खरोखरच भीती वाटत होती. पण मला त्या दिवशी तो भात गिळवला नाही.

दादूस एकदा माजिवड्याला जाऊन आला. वहिनीने त्याला अंगणातच उभे ठेवले आणि निरोप दिला. तिला कोणी न्यायला येऊ नये. सासऱ्याने, आत्याने आणि नवऱ्याने तिच्या माहेरी यावे, तिच्या गावच्या माणसांसमोर पानावर बसावे. ती स्वतः घोळ रांधील. ती भाजी सगळ्यांनी खाल्ली, तर वहिनी उठून त्यांच्या मागून चालू लागेल.

वडील बरेच दिवस हो म्हणेनात, नाही म्हणेनात. तोवर माझे कॉलेज बुडत होते. मी मुंबईला परत आलो. पायांची आग निवली होती, पण अजून काठी लागत होती आणि अंतर चालवत नव्हते. मी दादूसला सांगून आलो होतो, काहीही ठरले की मला कळव. मग माघ आला. मी रोज दुपारी ठाण्याकडून आलेल्या कोणा ना कोणाला विचारी, कोपरीची काही बातमी? मीठ घेऊन येणारे लोक मान हलवीत.

शेवटी दादूस स्वतः आला. मी राहतो त्या घराच्या पायरीवर तो बसला होता, अंगात धुतलेली बंडी, शेजारी गाठोडे. मी काठी टेकत त्याच्यापाशी बसलो.

"गेलो होतो," तो म्हणाला. "सगले गेलो होतो."

"मग?"

"पानं मांडली. तिचा बापूस, चार शेजारी, सगले बसले. पान्याच्या पाटाकडची घोल होती. तिनं वाढली. तिला अजून नीट चालता येत नाय, भिंत धरून वाढत होती."

"आते?"

"आते रडायला लागली. हात पुढं जाईना तिचा. रडत रडतच उठली."

"आणि बाबा?"

"बाबानं घास केला. तोंडापत्तूर नेला." दादूसने हाताने दाखवले, किती जवळ. "मग पानात परत ठेवलान. हात धुतला."

तो रस्त्याकडे बघत होता.

"मी खाल्ली," तो म्हणाला. "माझी खाल्ली. मग बाबाची. मग आतेची. ती बघत उभी होती."

"आता ती येईल?"

"नाय. ती नाय येनार. मीच जातोय. माजिवड्याला कसायला जमीन देतो म्हनाला तिचा बापूस." त्याने गाठोड्यावर हात ठेवला, तेव्हा मला कळले त्यात काय आहे. मग तो उठला, थोडा थांबला, आणि आल्यापासून पहिल्यांदा हसल्यासारखे तोंड केले.

"तुला निरोप दिलाय तिनं. म्हने, साहेबाला सांग, पाय आले की ये. बाकीच्यांचं मना म्हाईत नाय, पन त्याचे वाटनीची घोल मी पाटाकडं राखून ठेवलीय. तो खाईल."